जावयाचं मूत्रपिंड आणि माझी यादी

माझा धाकटा भाऊ माझा जावई आहे. हे वाक्य लातूरकडच्या पाहुण्यांसमोर बोललं की ते हातातला चहा खाली ठेवतात आणि बोटांवर नाती मोजायला लागतात. आमच्या बीदरच्या बाजूला कुणी चहा खाली ठेवत नाही. कानडी आणि तेलुगू शेजाराची ही चाल आहे, आमच्या मराठी घरांतही ती कधीची मुरलेली. मामानं भाचीला मागायचं आणि मागितल्यावर तिच्या आईबापानं नाही म्हणायचं नाही. मलाही माझ्या आईच्या धाकट्या भावाला दिलेलं आहे. पुढं माझी एकुलती एक मुलगी मी माझ्या भावाला दिली. सासू कशी निघेल ही धास्ती नाही, कारण सासू म्हणजे आपलीच आजी. असे या चालीचे फायदे सगळे पाठ म्हणून दाखवतात. तोटे सांगायला आमच्याकडे अजून कुणी बसलेलं नाही.

या चालीबरोबर एक नियम येतो. अंगावर अक्षता पडल्या की जुनं नातं तोंडातून काढायचं नाही. माझ्या मुलीनं लग्नाच्या तिसऱ्या दिवशी सवयीनं "मामा, जेवायला चला" म्हटलं, तेव्हा माझ्या आईनं तिला देवापुढं नाक घासायला लावलं. मलाही सूट नव्हती. ज्याचा शेंबूड मी माझ्या परकराला पुसला होता, त्याला त्या दिवसापासून "अहो जावईबापू, बसा" म्हणावं लागलं. तो बसायचाही. खुर्चीत मागं रेलून, पाय पसरून, चेहऱ्यावर एक अक्षर न उमटवता.

मी प्राथमिक शाळेत मराठीची शिक्षिका. आमचा बीदर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला तेव्हा मी तिसरीत होते. तेव्हापासून आमच्या भागात हजेरी कानडीत, धडे मराठीत आणि भांडण दखनीत, अशी कामाची वाटणी आहे. तिन्ही भाषांत तक्ते भरून मला तक्त्यांची गोडी लागली. घरात लोणच्याच्या बरण्यांपासून लग्नातल्या आहेरापर्यंत प्रत्येक गोष्टीची यादी मी ठेवते. लोक यावर हसतात आणि अडलं की माझ्याकडेच येतात.

भावाचं मन्नाएखेळ्ळीला हायवेवर खत-बियाण्यांचं दुकान. लग्नाला तीन वर्षं झाली, एक मुलगी झाली आणि त्याचा चेहरा सकाळी सुजायला लागला. गावानं निदान केलं, लग्न मानवलं. पायही सुजले तेव्हा म्हणाले, दुकानात बसून बसून होतं. उलट्या सुरू झाल्यावर आईनं दृष्ट काढली. बीदरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, कागदाकडे दोनदा पाहिलं आणि हैदराबादला जायला सांगितलं. तिथल्या मोठ्या इस्पितळात कळलं की दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ बंद पडली आहेत. माणूस तिशीचा.

मग आठवड्यातून दोनदा हैदराबादची बस आणि मशीनवर रक्त धुणं. मशीनच्या सुयांसाठी त्याच्या डाव्या मनगटाजवळ दोन नसा जोडून दिल्या होत्या. तिथं हात ठेवला की आत भुंगा अडकल्यासारखं जाणवायचं. शेजारपाजारचे लोक येऊन हात लावून बघायचे. त्याला दिवसभरात किती पाणी प्यायचं ते ठरवून दिलेलं होतं आणि तेवढं पाणी मी एका स्टीलच्या तांब्यात भरून ठेवत असे. माझी मुलगी प्रत्येक खेपेला त्याच्याबरोबर जायची, आपली पोरगी माझ्या आईकडे सोडून. ती मशीनपाशी बसून काय काय ऐकत होती, हे मी तेव्हा विचारलं नाही.

डॉक्टर उत्तरेकडचे होते. त्यांनी सांगितलं की असं फार दिवस चालणार नाही, कुणीतरी मूत्रपिंड द्यायला हवं. "रक्ताची माणसं लिहून आणा. आई, भाऊ, बहीण, काका, मामा. बायकोचं नाव नको, ती परक्या घरातून आलेली असते."

मी वही काढली.

रकाने असे पाडले: क्रमांक, नाव, वय, नातं, रक्तगट, हरकत. शेवटचा रकाना सर्वांत आधी भरला. एका चुलत भावानं सांगितलं की तुरीच्या राशी झाल्या की तो हमखास देईल. दुसऱ्याच्या बायकोनं त्याच्या वतीनं कळवलं की त्यांना लहानपणी कावीळ झाली होती. चुलत्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "पोरगी दिलीस, आता किडनी बी द्यायची का जावयाला? मग आमच्या जावयांनी काय मागावं?" अकरा नावं झाली. अकराव्या नावापर्यंत जाताजाता खरी माणसं चार उरली: माझी आई, माझा मधला भाऊ, माझे यजमान, म्हणजे त्याचे सख्खे मामाच, आणि मी.

मधल्या भावाचा उत्साह मोठा. पारावर बसून त्यानं जाहीर केलं, "अक्का, माझं नाव पयलं लिही. एक कामून, दोन्ही काढा म्हणावं."

"दोन्ही काढल्यावर तू कशावर जगणार हैस? तोंडावर?"

"तू लिही तर खरं."

मी लिहिलं. पहिलंच लिहिलं.

आम्ही चौघं त्या दोघांबरोबर हैदराबादला गेलो. माझ्या यजमानांचा रक्तगट दाराशीच जुळला नाही. ते शांतपणे बाहेर येऊन बाकावर बसले आणि मला म्हणाले, "आपलं झालं." बाकी तिघांचं रक्त एका वेगळ्या लॅबमध्ये पाठवलं. तिथं एक म्हातारे मियाँभाई होते. त्यांचं काम एवढंच की एका छोट्या ताटलीतल्या तिळाएवढ्या खळग्यांत रक्तातल्या पेशी टाकायच्या, प्रत्येक खळग्यात वेगळं सीरम घालायचं आणि कुठल्या खळग्यातल्या पेशी मेल्या ते सूक्ष्मदर्शकातून मोजायचं. मला प्रश्न विचारायची सवय आहे. त्यांना उत्तरं द्यायची होती, असं दिसलं. माझी मुलगी माझ्यामागं उभी होती.

ते जे म्हणाले ते मी माझ्या भाषेत सांगते. आमच्या अडत बाजारात खरेदीदार तुरीचं अख्खं पोतं ओतून बघत नाही. तो लोखंडी परखी पोत्यात खुपसतो, मूठभर तूर बाहेर काढतो आणि तळहातावर घेऊन बघतो. शरीरात खुपसायची गरज पडत नाही, प्रत्येक पेशी स्वतःच आपला नमुना बाहेर काढते. तिच्या अंगात जी काही प्रथिनं असतात, त्यांचे बारीक तुकडे होतात आणि तिच्या पृष्ठभागावरच्या तळहातांवर एकेक तुकडा ठेवला जातो. हे तळहातसुद्धा प्रथिनांचेच. टी पेशी नावाचे पहारेकरी रक्तातून हिंडत असतात आणि वाटेतल्या प्रत्येक पेशीचा तळहात चाचपतात. घरची तूर असली तर पुढं जातात. पेशीत विषाणू शिरला असेल तर त्याचाही तुकडा तळहातावर येतो, कारण पेशीला लपवता येत नाही. मग पहारेकरी त्या पेशीला तिथंच संपवतात. आपल्याच शरीरातल्या पेशीला, विनाचौकशी.

शिवाय काही पेशींचं काम फक्त फिरण्याचं. त्या जखमेत सापडलेला कचरा गिळतात, त्याचे तुकडे करून आपल्या तळहातांवर मांडतात आणि जवळच्या गाठीत जाऊन पहारेकऱ्यांना दाखवतात. पायात काटा मोडला की जांघेत अवधाण, म्हणजे दुखरी गाठ, येतं ते यामुळं. आमच्याकडे अवधाणावर चुना-गूळ लावतात. आत बाजार भरलेला असतो आणि आपण वरून चुना लावतो.

"पन ये पहारेवाले सीखते कां?" असं मी माझ्या दखनीत विचारलं. मास्तरणीला हाच प्रश्न सुचणार.

छातीत एक ग्रंथी असते, तीच त्यांची शाळा, असं मियाँभाई म्हणाले. परीक्षा दोन. पहिली, घरचे तळहात ओळखता आले पाहिजेत. दुसरी, त्या तळहातावरच्या घरच्या तुरीशी भांडता कामा नये. पहिलीत नापास झाला तो उपयोगाचा नाही, दुसरीत नापास झाला तो धोक्याचा. बहुतेक सगळे नापास होतात आणि नापास झालेल्यांना मारून टाकतात. निकालाची ही पद्धत ऐकून मला आमच्या शिक्षणाधिकाऱ्यांची आठवण झाली, पण ते फक्त बदली करत.

मुद्दा पुढं होता. दुसऱ्या माणसाचं मूत्रपिंड बसवलं तर त्याचे तळहातच वेगळ्या घडणीचे. पहारेकऱ्यांना त्यावरची तूर बघण्याआधी हातच परका वाटतो आणि सगळे एकदम उठतात. म्हणून तळहात जुळावे लागतात. प्रत्येकाकडे तळहातांचे दोन संच असतात, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. आईबापाच्या दोन-दोन संचांतले कुठले वाट्याला येतील ते नशीब. सख्ख्या भावंडांत कधी दोन्ही जुळतात, कधी एक, आणि चारातून एखाद्या वेळी एकही जुळत नाही.

"यादी आप बहुत अच्छी लिखे, अम्मा," ते म्हणाले. "पन वो लोगां यादी पढ़तेच नहीं."

निकाल आठ-दहा दिवसांनी लागला. आईचा एक संच जुळला, तो जुळणारच होता, पण तिला साखर आणि वय साठ. माझाही एक संच जुळला. मधल्या भावाचा एकही नाही. ज्यानं दोन्ही मूत्रपिंडं पारावर वाटून टाकली होती, त्याच्या कागदावर शून्य.

तो कागद मी गावात दाखवायला नको होता. दोन दिवसांत गावभर झालं की सख्खे भाऊ सख्खे नाहीत. मधला भाऊ बायकोच्या माहेरी जाऊन बसला. चौथ्या दिवशी आई मला म्हणाली, "तुझ्या त्या कागदानं माझ्या म्हातारपणी माझ्या पदराला बोट लावलं." मी तिला चार दाणे घेऊन समजावलं, दोन तुरीचे तिचे आणि दोन हरभऱ्याचे बापाचे; एका पोराला यातला एकेक गेला, दुसऱ्याला उरलेला एकेक. ती दाणे बघत राहिली. "हे तू गावाला सांग जा," म्हणाली. मी सांगितलं. गावानं ऐकून घेतलं. गावाला दाण्यांपेक्षा दुसरी गोष्ट जास्त आवडली होती.

उरले मी. एक संच म्हणजे चालण्यासारखं, डॉक्टर म्हणाले, औषधांनी पहारेकऱ्यांना आयुष्यभर गुंगीत ठेवायचं. माझी तपासणी सुरू झाली. पहिल्याच दिवशी रक्तदाब जास्त. दुसऱ्या दिवशी आणखी जास्त. मी सांगितलं की प्रवासानं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला झोपवून, अर्धा तास गप्प ठेवून मोजला. गप्प बसल्यानं तो अजून वाढला असावा. मला रक्तदाबाचा जुना आजार आहे आणि माझ्याच मूत्रपिंडांना जपायला हवं, असा निकाल देऊन त्यांनी माझ्या नावावर रेघ ओढली. घरातल्या सगळ्यांना वेळेवर गोळ्या घ्यायला लावणाऱ्या बाईचा रक्तदाब आजवर कुणी मोजला नव्हता. तिनंही मोजला नव्हता.

डॉक्टरांनी कागद खाली ठेवून विचारलं, "आणखी कुणी रक्ताचं?"

"नाही," मी म्हणाले.

भाऊ समोर बसला होता. माझी मुलगी दारात उभी होती. माझे यजमान खिडकीबाहेर बघत होते. आमच्या चौघांपैकी कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही.

इथं मला नीट लिहायला हवं. डॉक्टरांनी बायकोचं नाव लिहू नका म्हटलं होतं आणि मी लिहिलं नाही. नियम पाळला. आमच्या घरात तिचं जुनं नातं बोलायची बंदी होती आणि मी बोलले नाही. तोही नियम पाळला. उत्तरेकडच्या त्या डॉक्टरांना बायको म्हणजे परक्या घरातली हे वाटणं साहजिक होतं आणि मी त्यांना दुरुस्त केलं नाही, कारण मोठ्या डॉक्टरांना दुरुस्त करणं बरं दिसत नाही. एवढी सगळी कारणं मी तेव्हा मनात क्रमवार मांडून ठेवली होती. वहीत मात्र अकरा नावांखाली मी बारावा आकडा घातला होता आणि त्यापुढची ओळ कोरी होती. नुसतं विसरलं असतं तर आकडाही पडला नसता.

मला माझ्या मुलीचं शरीर कापू द्यायचं नव्हतं. बस, एवढंच. भाऊ मरत होता, तो मला दिसत होता, त्याला मी कडेवर खेळवलं होतं. तरीही.

त्या दिवशी आम्ही इस्पितळातून बाहेर पडताना माझी मुलगी म्हणाली, "मला जरा लॅबमधी काम हाय."

"तुझं काय काम?"

"ये तर."

मियाँभाई ताटल्या धूत होते. मुलगी त्यांच्यासमोर बाही वर करून बसली.

"ये बच्ची कौन, अम्मा?"

"घरवाली है उनकी," मी म्हणाले.

"घरवाली का खून नक्को ना. साब बोले नहीं?"

"घरवाली बी हूँ, भांजी बी हूँ," मुलगी म्हणाली. तिची दखनी माझ्यापेक्षा चांगली आहे. "ये मेरी माँ. वो मेरे मामू. और मेरे बाप उनके मामू."

मियाँभाईंनी ताटली खाली ठेवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बोटांवर मोजलं, लातूरच्या पाहुण्यांपेक्षा फार लवकर मोजलं.

"माँ से एक, बाप से एक," ते पुटपुटले. "दोनों तरफ उसी घर का माल." आणि मग मला, "तो इत्ते दिन कां थे तुम लोगां?"

मी म्हणाले, "डॉक्टर बायको नको म्हणाले होते." मराठीत म्हणाले. त्यांना मराठी येत नव्हतं आणि मला ते बरं वाटलं.

बाहेर आल्यावर मी तिचा दंड धरला. "तुझं पोर अजून अंगावर पितंय. तुझं वय काय? तुझा बाप काय म्हणंल?"

"त्यो खिडकीबाहेर बघंल," ती म्हणाली.

तिचा निकाल आला. दोन्ही संच जुळले. माझ्याकडून भावाशी जुळणारा एक आणि तिच्या वडिलांकडून दुसरा. मियाँभाईंनी खात्री करण्यासाठी दोघांच्या पेशी एकत्र ठेवून बघितल्या. पहारेकऱ्यांनी एकमेकांची दखलही घेतली नाही. डॉक्टरांनी पहिल्यांदा मला सविस्तर विचारलं की आमच्यात लग्नं कशी होतात. मी कागदावर झाड काढून दिलं. ते बराच वेळ कागद फिरवून बघत होते. मग म्हणाले की यात या वेळी नशीब उघडलं आहे खरं, पण अशा लग्नांत आजारही असेच जोडीनं खाली उतरतात, दोघांच्या पोरीची तपासणी करून घ्या. त्यांचं बरोबर होतं. पोरीची तपासणी आम्ही केली, ती ठीक निघाली.

लातूरच्या आत्यांनी मागं सांगितलं होतं की मामा-भाचीच्या लग्नाचं पाप म्हणून हा आजार आला. मी त्यांना पत्र लिहून निकाल कळवला. उत्तर आलं नाही. पापाचा हिशेब त्यांना पुन्हा मांडावा लागला असेल.

माझ्या यजमानांनी तोंड उघडलं ते घरी. "एकच हाय आपल्याला."

"मला ठाऊक हाय."

"तर मग तू न्हाई म्हण."

"मी म्हणून बघितलं."

दुसऱ्या दिवशी ते शेतात गेले आणि दोन दिवस तिकडंच राहिले.

पण खरा अडथळा वेगळाच निघाला. भावानं नकार दिला. मशीनवरून उठून आला होता, चेहरा राखेसारखा. आम्ही इस्पितळाच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली बसलो होतो, भर दुपारी, तिघंच.

"मला न्हाई घ्यायचं तिचं," तो म्हणाला.

"जावईबापू, असं करू नका," मी म्हणाले.

"बस झालं अक्का तुझं जावईबापू. भाऊ म्हणून बोल." तो धापा टाकत होता. "त्या दिवशी तू डॉक्टरला न्हाई म्हणालीस. मला पयल्यापासून ठाऊक होतं. यादी केलीस तेव्हापासून. मी वही बघितली हुती."

मी पदर नीट केला.

"मला बरं वाटलं," तो म्हणाला. "तू तिला लिहिली असतीस तर मला न्हाई म्हणावं लागलं असतं. तू लिहिली न्हाईस, माझं काम वाचलं. म्या बी मग गप बसलो. तिच्या अंगाला सुरी लावून मी जगायचं, हे मला जमत न्हाई."

मुलगी हे सगळं ऐकत टिफिनचे डबे उघडत होती. मीठ नसलेली भाकरी, मीठ नसलेली भाजी. तिनं झाकण खाली आदळलं.

"झालं तुमचं दोघांचं? बहीण-भाऊ मिळून मला विधवा करायलाव, आन् वरून माझ्यावर उपकार करायलाव म्हणता. मला कुणी विचारलं? एकानं तरी विचारलं?"

"तू ल्हान हैस," भाऊ म्हणाला.

"लग्न लावताना न्हवते ल्हान?"

ती लग्न लागलं तेव्हा अठराची होती. तिला तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही, आमच्याकडे फक्त चाल नव्हती.

"जेवा," ती नवऱ्याला म्हणाली. "भाकरी खा आधी. सही मी करणार हाय, तुमी न्हाई."

तो जेवला. घासाघासाला थांबत जेवला. मी तिच्याकडे बघत होते. आपण एखाद्याला लपवून ठेवलं म्हणजे त्याला वाचवलं असं आपल्याला वाटत राहतं. माझी मुलगी कधीच लपली नव्हती. ती दारात उभी होती, दर वेळी, सगळ्यांना दिसत.

शस्त्रक्रियेच्या आधी दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत नेलं. आई देवाचं नाव घेत होती, पण कुणासाठी आधी घ्यायचं ते तिला ठरवता येईना. एकदा नातीसाठी, एकदा मुलासाठी, मग पुन्हा नातीसाठी. माझे यजमान आले होते. खिडकीकडे पाठ करून बसले होते. मधला भाऊही आला, बायकोच्या माहेराहून थेट. रक्ताची एक बाटली दिली त्यानं, कुणाला न सांगता. मला ते नर्सकडून कळलं.

दुपार होत आली तेव्हा नर्सनं येऊन सांगितलं की भावाच्या नळीतून लघवी उतरायला लागली आहे. मी विचारलं किती. तिनं बाटली दाखवली. गेल्या वर्षभरात त्याची दिवसभराची लघवी एका वाटीत मावत होती. ही बाटली भरत आली होती आणि नर्स दुसरी लावायच्या तयारीत होती. मला त्या वेळी काय वाटलं ते सांगत नाही, त्या पिवळ्या पाण्याकडे मी ज्या नजरेनं बघितलं ते कुणी बघितलं असतं तर वेड लागलं म्हणालं असतं.

मी धावत मुलीच्या खोलीत गेले. ती शुद्धीवर येत होती. डाव्या बाजूला बरगडीपासून पोटापर्यंत पट्टी. मूत्रपिंड काढताना बरगडीचा तुकडा कापावा लागतो, हे आधी मला कुणी सांगितलं नव्हतं. देणाऱ्याला घेणाऱ्यापेक्षा जास्त दुखतं, हेही.

"उतरलं?" तिनं विचारलं.

"बाटली भरली. दुसरी लावलीय."

तिनं डोळे मिटले. मग तिला खोकला आला आणि ती अशी कळवळली की मी नर्सला हाक मारली. नर्स म्हणाली की खोकला यायलाच हवा, छातीत कफ साठता कामा नये, फक्त खोकताना बाजूला उशी दाबून धरा. मी उशी घेतली आणि तिच्या जखमेवर ठेवली, हलक्या हातानं, तिला दुखू नये म्हणून.

"असं न्हाई," ती म्हणाली. "घाबरू नकोस. जोरात धर, आई."

पुन्हा खोकला आला. मी दोन्ही हातांनी जोर लावला.